ट्रंकेतला पितळी शंकू: जुन्या तोफगोळ्याचा फ्यूझ कसा ओळखावा

गावचं घर उतरवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत तो मिळाला. मुठीत मावेल एवढा, हाताला चांगला जड लागणारा पितळी शंकू. बुडाला आटे, टोक बोथट आणि मधल्या कड्यावर ० ते २२ असे आकडे कोरलेले. चुलतभाऊ म्हणाला, जुन्या स्टोव्हचा काहीतरी भाग असेल. आत्याने त्याला गप्प केलं. "अण्णांच्या चुलत्यांनी लढाईतनं आणलाय तो. कूतच्या वेढ्यात जर्मनांनी टाकलेल्या गोळ्याचं नाक आहे ते." (कूत म्हणजे आजच्या इराकमधलं गाव, पहिल्या महायुद्धातल्या वेढ्यामुळे लक्षात राहिलेलं.) मी तो पिशवीत घालून एसटीने पुण्याला आणला, चिंच लावून लख्ख घासला आणि पुस्तकांच्या कपाटात मांडला.

यात दोन चुका माझ्या होत्या आणि दोन आत्याच्या. चारही उलगडायला वर्षभर लागलं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या फौजी घरांत अशा वस्तू अजून निघतात. कुठे पेपरवेट म्हणून, कुठे लाकडी बैठकीवर बसवलेली दौत म्हणून, तर कुठे देवघराच्या कोनाड्यात. तुमच्याकडे निघाली तर तुमचं वर्ष वाचावं, म्हणून हे लिहितोय.

आधी नावाचं बघू. फ्यूझ म्हणजे तोफगोळा केव्हा फुटायचा हे ठरवणारं छोटं यंत्र. ते बहुधा गोळ्याच्या नाकावर असतं, काही जातींत बुडाशी. मराठीत 'फ्यूज' म्हटलं की मीटरच्या पेटीतली तार आठवते, म्हणून मी इथे 'फ्यूझ' लिहितोय. इंग्रजीतही लष्करी फ्यूझच्या स्पेलिंगमध्ये एसऐवजी झेड लिहायची रूढी आहे. इंटरनेटवर शोधताना झेड टाका, विजेच्या दुकानांचा निम्मा कचरा तिथेच गळतो.

१. पहिली पायरी: हात मागे

वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्या. उचलून हलवून बघू नका, पान्याने फिरवू नका, तापवू नका, घासू नका. मी यातल्या दोन गोष्टी केल्या आणि वाचलो, ते केवळ नशिबाने.

कारण सांगतो. गोळ्यातली मुख्य दारू तुलनेने सुस्त असते, तिला जाग आणायचं काम फ्यूझचं. म्हणून सगळ्यात चटकन पेटणारं मिश्रण फ्यूझमध्येच असतं आणि शंभर वर्षांनी ते निवलेलं असेल याची कुणी हमी देत नाही. बेल्जियमच्या ईप्र भागात शेतकऱ्यांना नांगरताना अजूनही पहिल्या महायुद्धातले गोळे सापडतात. त्याला तिकडे 'लोखंडाची सुगी' म्हणतात आणि ती उचलायला सैन्याचं पथक फिरत असतं.

नवख्या माणसाला फसवणारा समज असा: "हा उडालेला दिसतोय, म्हणजे रिकामा असणार." माझ्याकडच्या जातीत दोन यंत्रणा होत्या. एक ठरलेल्या वेळाने पेटवणारी, दुसरी आपटल्यावर पेटवणारी. एकीने काम केलं म्हणजे दुसरीनेही केलं, असं होत नाही. फोटो बघून कुणी "बिनधास्त राहा" म्हणालं तरी बिनधास्त राहू नका. फोटोत आतलं दिसत नाही.

करायचं ते एवढंच: मुलांना आणि उत्साही पाहुण्यांना त्या खोलीतून बाहेर काढा आणि ११२ वर फोन करा. पोलिसांकडे बॉम्बशोधक व नाशक पथक असतं. आमच्याकडे आलेल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "हे घासलं कुणी?" मी मान खाली घातली. पथकाने वस्तू नेली, तपासली, आत काही नसल्याचं सांगितलं आणि तसा कागद दिला. तो कागद आज त्या फ्यूझइतकाच जपून ठेवलाय.

इथून पुढच्या सगळ्या पायऱ्या अशी तपासणी झालेल्या वस्तूसाठीच आहेत.

२. कागदपत्रं आणि कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात फ्यूझचाही उल्लेख आहे. म्हणजे "नुसतं पितळ आहे हो" हे उत्तर पुरेसं नाही. वस्तू घरी ठेवायची असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि पोच घ्या. जमिनीत सापडली असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवायचं. वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून सामानात टाकायचा विचार असेल तर सोडा. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात ती वस्तू जशी आहे तशीच दिसते.

एका फाइलमध्ये हे सगळं ठेवा: तपासणीचा कागद, पोलिसांची पोच, वस्तू कुठे आणि कधी मिळाली याची तारीखवार नोंद, घरातल्या थोरांनी सांगितलेली हकिकत (त्यांच्याच शब्दांत, न सुधारता) आणि घरात असतील ती फौजी कागदपत्रं, म्हणजे डिस्चार्ज दाखला, पदकं, पेन्शन पुस्तिका. पदक असेल तर त्याची कड बघा. पहिल्या महायुद्धातल्या गोल ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या घरी ते कुणी पाहिलंच नव्हतं, पदक आपलं देव्हाऱ्यात.

३. साहित्य आणि फोटो

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वर्निअर कॅलिपर, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, मऊ ब्रश, छोटी बॅटरी. एवढं बास. पितळ चकचकीत करायची पावडर, चिंच, लिंबू, तारेचा ब्रश या गोष्टी नजरेआड ठेवा. जुन्या फ्यूझवर धातूत ठोकलेल्या ठशांबरोबर कधी कधी रंगाच्या खुणा आणि लाखेचा थर असतो. ठोकलेला ठसा घासूनही टिकतो, रंग टिकत नाही. माझ्या फ्यूझवर काय रंगवलेलं होतं, ते आमच्या चिंचेलाच ठाऊक.

फोटो काढताना बॅटरी समोरून धरू नका, कडेने जमिनीलगत धरा. प्रकाश तिरका पडला की पुसट अक्षरांत सावली भरते आणि ती वाचता येतात. चारही बाजू, वरून, खालून, आणि प्रत्येक ठशाचा जवळून एक असे फोटो घ्या. शेजारी पट्टी ठेवा. मग मापं: आट्यांचा व्यास, मधल्या कड्याचा व्यास, उंची, वजन. आट्यांचा व्यास ५१ मिलिमीटरच्या आसपास आला तर मनात खूण करून ठेवा. ब्रिटिशांच्या बऱ्याच फ्यूझचं माप २ इंचांचं होतं.

४. आधी जात ठरवा

अक्षरांकडे धावण्याआधी वस्तूचा प्रकार ओळखा.

लाकडी फ्यूझ सगळ्यात जुने. आपल्या जुन्या कागदांत ज्याला 'कुलपी गोळा' म्हटलंय, त्या पोकळ, दारू भरलेल्या गोळ्याच्या भोकात लाकडी, निमुळती, आत मिश्रण ठासलेली खुंटी ठोकून बसवत. ती हव्या त्या लांबीवर कापली की गोळा त्या वेळाने फुटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनजवळच्या वूलिचच्या सरकारी कारखान्यातल्या एडवर्ड बॉक्सरने तिला बाजूने नंबर टाकलेली भोकं दिली. तोफखान्याचा शिपाई पाहिजे त्या नंबरचं भोक आरपार पाडून घेई. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर कुलपी गोळ्यांचा मारा केला, तेव्हाचे फ्यूझ लाकडाचेच. म्हणून गडकिल्ल्यांवर पोकळ लोखंडी गोळा सापडला तरी त्याचं भोक रिकामं असतं. लाकूड कुजून गेलेलं असतं, आतली दारू मात्र राहिलेली असू शकते. ट्रेकला गेलेल्यांनी असा गोळा दिसला तर सेल्फीसुद्धा लांबूनच काढावा.

वेळेचे फ्यूझ म्हणजे आकड्यांची कडी असलेले, माझ्या शंकूसारखे. दोन कडी एकावर एक, वरचं पक्कं, खालचं फिरणारं. कड्याच्या आत खोबणी आणि खोबणीत सावकाश जळणारं मिश्रण. खालचं कडं फिरवून ज्या आकड्यावर लावाल, तितकी जळायची वाट लांबते किंवा आखूड होते. हे प्रामुख्याने श्रॅपनेल गोळ्यांसाठी. हा गोळा शत्रूच्या डोक्यावर हवेत फुटतो आणि बंदुकीतून छर्रे सुटावेत तशा आतल्या गोळ्या पुढे फेकतो. श्रॅपनेलचं कवच फारसं फुटत नाही, त्याचं डोकं उडून फ्यूझसकट खाली पडतं. शिपायांनी आठवण म्हणून आणलेल्या वस्तूंत हेच फ्यूझ इतके का सापडतात, त्याचं कारण हे.

आपटून चालणारे फ्यूझ गुळगुळीत असतात, त्यांच्यावर आकड्यांचं कडं नसतं. ब्रिटिशांचा १०० नंबरचा फ्यूझ या गटातला. १०६ नंबरचा खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो जमिनीत शिरण्याआधी, टेकता क्षणी उडे, त्यामुळे गोळा खड्डा न पाडता काटेरी तारा तोडत असे. १९१७ पासून पश्चिम आघाडीवर त्याचा वापर खूप वाढला. दुसऱ्या महायुद्धातल्या २५ पौंडी तोफेचे ११७ आणि ११९ नंबरचे फ्यूझही याच कुळातले, आणि आपल्याकडच्या फौजांनी ती तोफ स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं वापरल्याने ते भारतात मिळू शकतात.

५. ठसा वाचायचा कसा

इथे घाई करू नका. माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीत गेला आणि खरी मजाही इथेच आली.

ब्रिटिश फ्यूझवर साधारणपणे चार गोष्टी मिळतात: फ्यूझचा नंबर, त्याचा 'मार्क', कारखान्याची आद्याक्षरं आणि महिना-वर्ष. यांच्याशिवाय लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर असतो. मार्क म्हणजे त्याच नंबरच्या रचनेतली सुधारलेली आवृत्ती. ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोमन आकड्यांत लिहीत. माझ्या फ्यूझवर '८०' आणि शेजारी इंग्रजी व्ही. मी आठवडाभर व्ही हे 'व्हिक्टरी'चं किंवा 'व्हिकर्स'चं अक्षर समजून हिंडलो. तो रोमन पाच होता. ८० नंबर, मार्क ५.

पुढचा सापळा तारखेचा. '८/१६' म्हणजे ८ तारीख नव्हे, ऑगस्ट १९१६. तोही फ्यूझचं अंग तयार झाल्याचा महिना. मिश्रण पुढे दुसऱ्या कारखान्यात भरलं जाई आणि तिथे आणखी एक ठसा पडे. मग जहाज, मग डेपो, मग आघाडी. म्हणून ठशातल्या तारखेचा अर्थ इतकाच घ्या: या महिन्याआधी ही वस्तू जगात नव्हती. फार थोडं वाटतं, पण घरच्या हकिकती तपासायला याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही.

लॉट नंबरला फ्यूझचा नंबर समजू नका. फ्यूझचा नंबर मार्कच्या शेजारी असतो, लॉट बहुधा वेगळा, बारीक.

आद्याक्षरांपैकी 'आर एल' म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी, सरकारी कारखाना. 'ई ओ सी' म्हणजे एल्स्विक ऑर्डनन्स कंपनी. 'व्ही एस एम' म्हणजे व्हिकर्स, सन्स अँड मॅक्सिम. या कंपनीचं नाव १९११ मध्ये बदलून नुसतं व्हिकर्स झालं, त्यामुळे ही तीन अक्षरं असतील तर वस्तू बहुधा युद्धाआधीची.

बाणाच्या टोकासारखी, कावळ्याच्या पायासारखी खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारी मालकीची. बाण इंग्रजी सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा, यू च्या पोटात असेल तर दक्षिण आफ्रिका, आणि बाणासोबत आय असेल तर हिंदुस्थान सरकार. भिंग नीट लावा, मळ साचलेला सी नुसत्या ओरखड्यासारखा दिसतो.

ठसे खोटे आहेत का, हेही पाहा. जुन्या बाजारात 'महायुद्धाचा अँटिक' म्हणून नव्या ओतीव वस्तू विकतात. खरी अक्षरं पंचाने धातूत ठोकलेली असतात: एखादं खोल, एखादं तिरकं, कडा तीक्ष्ण. ओतीव नकलेत सगळी अक्षरं एकसारखी मऊ, कधी उठावाची. कड्यावरचे आकडे समान अंतरावर नसतील आणि कडं फिरायलाच जागा नसेल, तर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा.

६. देश कोणता

ब्रिटिश नसेल तर लिपी आणि संक्षेप बघा.

जर्मन फ्यूझवर 'डॉप. झेड.' अशी अक्षरं आणि ९२, ९६ असे आकडे दिसतात. डॉप. झेड. म्हणजे डॉपेलत्स्युंडर, दुहेरी फ्यूझ, आणि ९६ म्हणजे १८९६ ची रचना. इथे नवखे हमखास घसरतात: ते बनवल्याचं वर्ष नाही. पुढे 'एन/ए' असेल तर 'नवी तऱ्हा'. 'के झेड ११' तोफेचा, 'एच झेड ०५' हॉवित्झरचा, म्हणजे उंच कमानीने गोळा टाकणाऱ्या आखूड तोफेचा. 'एसपी' असेल तर श्पांडाऊचा कारखाना.

अमेरिकी फ्यूझवर फ्रँकफर्ड आर्सेनल किंवा स्कोव्हिलसारख्या कंपनीचं पूर्ण नाव ठोकलेलं असतं, वाचणाऱ्यावर उपकार केल्यासारखं.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तुर्की फ्यूझ, कारण मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढल्या. त्यांच्यावर अरबी लिपीतली अक्षरं आणि आकडे असतात. आकडे वाचायला शेजारचे उर्दू जाणणारे चाचा पुरेसे आहेत. वर्ष मात्र आपलं नव्हे. तुर्की सरकारी कामात 'रूमी' सन चाले. त्यात ५८४ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३३१ म्हणजे मार्च १९१५ पासून पुढचं वर्ष. तुर्कांचा बराच तोफखाना क्रुप या जर्मन कंपनीचा असल्याने जर्मन घडण आणि तुर्की आकडे अशी सरमिसळही दिसेल.

आणि घडण पाहून देश ठरवायचा मोह झालाच तर ही गोष्ट आठवा. माझा ८० नंबरचा ब्रिटिश फ्यूझ मुळात क्रुपच्या रचनेवर बेतलेला. युद्धाआधी व्हिकर्सने तिचे हक्क घेतले होते. युद्धभर ब्रिटिश तोफा जर्मनांवर जर्मन रचनेचे फ्यूझ लावलेले गोळे टाकत राहिल्या, आणि युद्ध संपल्यावर क्रुपने मानधनाचं बिल पुढे केलं. ते भांडण १९२६ मध्ये तडजोडीने मिटलं. तेव्हा आकारावरून "जर्मन" म्हणणाऱ्या माझ्या आत्याला मी फार दोष देत नाही.

७. घरची हकिकत ठशाशी लावून बघा

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे घरचे सांगतात ते, उजवीकडे वस्तू सांगते ते.

आमच्या डाव्या रकान्यात: जर्मन, कूतचा वेढा. उजव्या रकान्यात: बाणाची खूण, आर एल, ८० मार्क ५, ऑगस्ट १९१६. कूतचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आपल्या फौजेने शरणागती पत्करली. म्हणजे कूत पडलं तेव्हा हा फ्यूझ तयारच व्हायचा होता. तो ब्रिटिश, म्हणजे आपल्याच बाजूच्या तोफेचा. मेसोपोटेमियातच उचलला असेल तर पुढच्या चढाईतला. त्या चढाईत ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलं गेलं. 'जर्मन' कुठून आलं, याचा अंदाज करता येतो. कूतला वेढा घालणाऱ्या तुर्की फौजांवरचा सेनापती फॉन डर गोल्ट्झ जर्मन होता. शिपायांच्या बोलण्यातून ते नाव घरात आलं असणार.

कडं कुठल्या आकड्यावर थांबलंय, तेही टिपा. उडालेल्या फ्यूझवर तो आकडा म्हणजे तोफेजवळच्या शिपायाने त्या दिवशी लावलेली वेळ. माझं कडं चौदाच्या जरा पुढे आहे. मी हरखून गेलो होतो, तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, लहानपणी आम्ही ते रोज फिरवायचो.

८. विचारायचं कुणाला

लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम, कॅनबेराचं ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल आणि ओटावाचं कॅनेडियन वॉर म्युझियम यांचे संग्रह इंटरनेटवर फोटोंसकट पाहता येतात. आधी तिथे तुमचा नंबर आणि मार्क टाकून बघा, निम्मं काम तिथेच होतं. त्या काळच्या सरकारी दारूगोळा-पुस्तिकांच्या स्कॅन प्रतीही फुकट मिळतात. त्यांतल्या आकृत्या ओळखीपुरत्या बघा. आतली रचना कळली म्हणून उघडून खात्री करायला जाल, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

पत्र लिहिताना "हे काय आहे?" एवढंच विचारू नका. मापं, वजन, प्रत्येक ठसा जसा दिसतो तसा, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि फोटो. घरची हकिकत शेवटी लिहा. आधी लिहिलीत तर उत्तर देणारा तिच्याच चष्म्यातून ठसे वाचतो. किंमत विचारू नका, संग्रहालयं ती सांगत नाहीत. शिपाई युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव शोधा. नावांची स्पेलिंगं कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली आहेत, म्हणून पलटण आणि गाव यांवरून शोधणं बरं पडतं.

मुंबईच्या गोदी परिसरातली वस्तू असेल तर १४ एप्रिल १९४४ चा फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोटही लक्षात घ्या. तिथला दारूगोळा आघाडीवरून आठवण म्हणून आलेला नसून माल म्हणून आलेला होता, आणि तो न वापरलेला असण्याची शक्यता जास्त. पहिली पायरी तिथे दुप्पट कडक.

आमच्या फ्यूझखाली आता चिठ्ठी आहे: "ब्रिटिश, ८० नंबर, मार्क ५, वूलिच, ऑगस्ट १९१६. अण्णांच्या चुलत्यांनी आणला." आत्याने चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "कूतचं का नाही लिहिलंस?" मी तिला ट्रंकेच्या तळाशी मिळालेला डिस्चार्ज दाखला दाखवला. भरतीची तारीख नोव्हेंबर १९१६. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग कूतला आमच्यातलं गेलं होतं ते कोण?"